थांबा, देते

१

सकाळी नऊला मी बॅटरीचा खटका खाली करायची आणि संध्याकाळी सहाला वर. मधले नऊ तास गिरणीतलं एकही माणूस माझ्यावाचून दुसऱ्याशी फोनवर बोलू शकत नसे. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

गिरणीचा टेलिफोन बोर्ड पन्नास नंबरांचा. प्रत्येक नंबराला एक भोक आणि भोकावर पितळेची एवढीशी पापणी. कुणी आपल्या खात्यात रिसीव्हर उचलला की त्या नंबराची पापणी खट्‌कन पडायची. मग दोरीचं एक टोक त्या भोकात घालायचं, "बोर्ड" म्हणायचं, कोण हवंय ते ऐकायचं आणि दुसरं टोक हव्या त्या नंबरात घालायचं. अशा दोऱ्या दहा. म्हणजे एका वेळी बोलणी दहाच. दहाही गुंतल्या असल्या तर अकराव्याला मी म्हणायची, "थांबा, देते." आणि 'देते' म्हटलं की मी लाईन दिलीच. वीस वर्षांत एकालाही विसरले नाही.

ऑपरेटरनं आपलं नाव सांगायचं नाही, असा ऑफिसचा नियम होता. त्यामुळे गोदावरी हे माझं नाव गिरणीत फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना मी नुसती बोर्ड. तीन वाजता पाळी बदलायचा भोंगा झाला की सगळी खाती एकदम बोलायला लागत, आणि पुढची वीस मिनिटं मला मान वर करायला फुरसत नसे.

पन्नासातले एकोणपन्नास नंबर वाटलेले होते. सदतीस तेवढा रिकामा. त्यासाठी पंधरा खात्यांचे अर्ज पडून होते. एकाला दिला तर चौदा रुसणार, म्हणून ऑफिसच्या साहेबांनी तो कुणालाच दिला नव्हता. सदतीसच्या मागं वायर नव्हती. कधीच नव्हती.

२

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात ऑफिस सुपरिंटेंडेंट चनमल्लप्पा साहेबांनी मला एक छापील तक्ता दिला.

"बाई, बोर्ड अपुरा पडतो अशा कंप्लेंट्स आहेत. दर पंधरा मिनिटांनी किती दोऱ्या गुंतल्या ते यात भरा. आठवडाभराचे आकडे वर पाठवायचेत."

"बोर्ड अपुरा पडतो की माणसं जास्त बोलतात, ते आधी बघा," मी म्हणाले.

"ते तक्त्यात लिहायला जागा नाही," साहेब म्हणाले आणि गेले.

बोर्डाशेजारी भिंतीवर बॅटरीचा काटा होता. एक बोलणं चालू झालं की काटा एक घर पुढं सरके, संपलं की एक घर मागं येई. वीस वर्षांत तिकडं मी फारसं पाहिलं नव्हतं. आता दोऱ्या मोजायच्याच होत्या, तर काट्यावरून ताळा करून घेऊ म्हटलं.

त्या मंगळवारी तीनचा भोंगा झाला. पापण्या पटापट पडायला लागल्या. पाचच मिनिटांत दहाही दोऱ्या गुंतल्या. तेवढ्यात उजवीकडं आणखी एक पापणी पडली. नंबर न बघता ऐकायची किल्ली दाबली आणि सवयीनं म्हणून गेले, "थांबा, देते."

पलीकडून कुणीतरी समाधानानं श्वास सोडला.

एक दोरी मोकळी झाली तशी मी त्या पापणीकडं वळले. सदतीसची होती. वायर नसलेल्या नंबराची पापणी पडली कशी? बोर्ड जुना, खिळे सैल झाले असतील, शेजारच्या पापणीच्या धक्क्यानं पडली असेल. आणि श्वास? तो दुसऱ्या कुठल्या लाईनीवरचा असेल. मी बोटानं पापणी वर केली आणि कामाला लागले.

काही मिनिटांनी तक्ता भरायला पेन उचललं. दोऱ्या परत दहा झाल्या होत्या. काट्याकडं पाहिलं. काटा अकरा घरांवर होता.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दहाही दोऱ्या खाली लोंबत होत्या. गिरणीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काटा मात्र एका घरावर उभा होता. मी भिंतीवर थाप मारली. काटा हलला आणि परत एका घरावर आला.

मी लाईनमन सिद्धप्पाला बोलावलं. तो अक्कलकोटकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. बोर्डाच्या पोटात काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं मागची फळी उघडली.

"बाई, हितं या."

गिरणीत कापसाचं तूस सगळ्यावर बसतं. दोन दिवस पुसलं नाही तर माणसाच्या टोपीवरही बसतं. बोर्डाच्या आत ते बोटभर साठलं होतं. फक्त सदतीसच्या पितळी टोकाभोवती काही नव्हतं. ते रोज हात लागणाऱ्या कडीसारखं लखलखीत होतं.

"तू पुसलंस?"

"म्या कशाला पुसू? वायरच न्हाय की हितं." त्यानं बोट पुढं केलं आणि झट्‌कन मागं घेतलं. "गरम हाय."

"बॅटरी चालू आहे, गरम असणारच."

"दुसरी टोकं बघा की मग हात लावून."

मी लावला. दुसरी सगळी गार होती.

आम्ही दोघं तिथं वाकून बघत राहिलो. कडेचं तूस जरासं सदतीसकडं सरकलं, थांबलं, आणि जरासं मागं आलं. पुन्हा सरकलं, पुन्हा मागं आलं. पंखा बंद होता. सिद्धप्पानं फळी लावली आणि स्क्रू नेहमीपेक्षा घट्ट आवळले.

४

शुक्रवारी गोदामाचा कारकून मानसिंग नाहीसा झाला.

मोहोळहून रोज गाडीनं येणारा, वक्तशीर माणूस. हमालांनी जे पाहिलं ते असं: तीन वाजून काही मिनिटांनी त्याचा फोन वाजला. तो म्हणाला, "व्हय बाई, येतो की." मग त्यानं चपला काढल्या, फोनशेजारच्या भिंतीपाशी जोडीनं ठेवल्या. हमाल कापसाची गाठ ठेवून परत वळले तर मानसिंग नव्हता. डबा होता. चपला होत्या. दारात माल उतरत होता, तिथून कुणी बाहेर गेलं नव्हतं.

त्या वेळी मी गोदामाला फोन लावलाच नव्हता. माझ्या दहाही दोऱ्या दुसऱ्या खात्यांत गुंतल्या होत्या, गोदामाला एकही नव्हती. पण "बाई" म्हणून तो कुणाशी बोलला? गिरणीत फोनवर बोलणारी बाई एकच होती.

सोमवारी त्याची बायको सारजाबाई आली. तिला कुणी आत सोडलं कोण जाणे. डोक्यावरचा पदर सावरत ती बोर्डापाशी उभी राहिली आणि त्या भोकांकडं बघत राहिली.

"तुमीच फोनवाल्या बाई?"

"हो."

"माज्या मालकाला तुमी बोलावलं म्हनत्यात समदी."

"मी नाही बोलावलं, सारजाबाई. देवाशप्पथ नाही."

"'व्हय बाई' म्हनून बोलले म्हनं. हमाल बी म्हनत्यात." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "कुटं बोलावलं तेवढं सांगा. म्या जाऊन आनते."

"मला ठाऊक असतं तर मीच गेले असते."

"मग परत बोलवा की," ती म्हणाली.

ती गेल्यावर साहेबांचा शिपाई एक कागद घेऊन आला. 'ऑपरेटरने चुकून गोदामास लाईन जोडून दिली, सबब कारकून कामाची जागा सोडून गेला.' खाली माझ्या सहीला जागा. मी कागदाच्या पाठीवर लिहिलं, 'मी लाईन दिलेली नाही. सही करणार नाही.' आणि परत पाठवला.

५

बुधवारी बॉयलरवरचे आप्पा तणतणत आले. पंचवीस वर्षं भट्टीपाशी राहून त्यांना कमी ऐकू यायचं.

"बाई, बारीक आवाजात काय सांगत हुता मला? सदतीसला या, सदतीसला या! म्या म्हनलं मोठ्यानं बोला, तर तुमी तसंच बारीक. दिला ठिवून. काम असंल तर मानूस धाडत जावा!"

"कधी, आप्पा?"

"आत्ता भोंग्याला."

मी त्यांना बसवून चहा पाजला. का पाजतेय ते सांगितलं नाही. बहिरेपणानं माणूस वाचतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि हसावं की रडावं तेच समजेना.

ते गेल्यावर मी दार लावलं. एक मोकळी दोरी घेतली आणि सदतीसच्या भोकात घातली. रिकाम्या नंबरात हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नाही, अगदी ठार मुकं असतं. इथं खोली होती. मोठी, उंच छताची खोली असावी. कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून उभं आहे, हे वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसाला लगेच समजतं.

"बोर्ड," मी म्हणाले.

"बोर्ड," पलीकडून माझा आवाज म्हणाला. मग फार अदबीनं, "बाई, लाईन देताय ना?"

मी दोरी उपसून काढली. कितीतरी वेळ हात मांडीखाली दाबून बसले.

मग मला राग आला. भीतीपेक्षा मोठा राग. गेल्या आठवड्यात मंगळवारी मीच म्हटलं होतं, 'थांबा, देते.' मी दिली नाही म्हणून आता ती कुणीतरी आपली आपण घेत होतं. चूक माझी होती, पण आवाजही माझा होता आणि बोर्डही माझा होता. मी एकोणपन्नास नंबर एकेक करून लावले आणि प्रत्येकाला सांगितलं, "मी गोदावरी बोलते. आजपासून मी नाव सांगून बोलणार. नुसतं 'बोर्ड' म्हणून कुणी बोलावलं तर जायचं नाही. फोन ठेवून द्यायचा."

तासाभरात चनमल्लप्पा साहेब स्वतः आले.

"बाई, नियम माहीत आहे ना? नाव सांगायचं नाही. लोक घाबरलेत."

"घाबरायलाच हवंय, साहेब."

"तुम्हाला रजा हवीय का?"

"नको. मला सदतीस बंद करून हवाय."

"ज्याला वायरच नाही तो बंद काय करायचा?" साहेब म्हणाले. पण बोलताना त्यांनी बोर्डाकडं पाहिलं नाही. "आणि हे सगळं आता संपतंच आहे. तुमच्या तक्त्यावरून नवीन बोर्ड मंजूर झालाय. आपोआप चालणारा. सोमवारी येतोय. शंभर नंबर."

६

माझा धाकटा भाऊ वेणीमाधव सायझिंग खात्यात, सुताला खळ लावतात तिथं, होता. बावीस नंबर. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी लग्न केलं नाही त्याला कारणं पुष्कळ सांगता येतील, खरं कारण तोच. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो हसला. "अक्का, तू गरम डोक्याची आहेस, त्यात हा उन्हाळा," म्हणाला.

शनिवारी तीनचा भोंगा झाला. दहाही दोऱ्या गुंतल्या. काटा अकरावर गेला, आणि त्याच वेळी बावीसची पापणी अर्धवट थरथरली. पडली नाही. कुणीतरी रिसीव्हर उचलला होता आणि त्याला माझी गरज पडली नव्हती.

मला एक दोरी हवी होती. दहापैकी एकीवर चनमल्लप्पा साहेबांचा मुंबईचा ट्रंक कॉल चालू होता. सकाळपासून थांबून मिळालेला, मालकांशी. मी तीच दोरी उपसली. बावीसमध्ये घातली.

"येतो की अक्का," वेणू बोलत होता. "पण सदतीस म्हणजे कुठलं खातं?"

"तू नीघ. दिसेल तुला," माझा आवाज म्हणाला. किती मायेनं म्हणाला! मी तितक्या मायेनं त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

"वेणू, फोन ठेव!" मी ओरडले.

"वेणू, फोन ठेव!" तो आवाजही ओरडला. अगदी तस्साच.

"अक्का? दोन-दोनदा काय बोलतेस?"

"मी गोदावरी..."

"मी गोदावरी," आवाज म्हणाला, "आणि मी दारात उभी आहे. बघ."

त्याच्या चपला निघाल्याचा आवाज मला ऐकू आला. आधी एक, मग दुसरी.

शब्दांनी भागणार नव्हतं. मी बोलेन तेच तो आवाज बोलणार होता. पण एक गोष्ट त्याच्याकडं नव्हती, दोरी. जे बोलणं दोरीवाचून चाललंय ते तोडणार कसं? मग त्याला दोरी द्यायची. ते माझ्या दोरीवर आलं की तोडायचा हक्क माझा.

मी दोरीचं दुसरं टोक सदतीसच्या भोकाशी नेलं. भोकासमोरचं तूस आत गेलं. टोक घालावं लागलं नाही, ते माझ्या हातून ओढलं गेलं. पितळ बोटाला चटका देत होतं. एका हातानं ते तसंच धरून मी दुसऱ्या हातानं बावीसचं टोक हिसडून काढलं.

काटा दहावर आला.

"सिद्धप्पा!" मी दारातून ओरडले, "सायझिंगला पळ!"

सदतीसचं टोक मात्र मी काढलं नाही. गुंतलेला नंबर दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हे बोर्डाचं पहिलं तत्त्व, आणि ते त्यालाही लागू होतं.

सिद्धप्पा वेणूला हाताला धरून घेऊन आला. वेणू अनवाणी होता, आणि चेहऱ्यावर नुकतं झोपेतून उठवल्यासारखी नाराजी.

"भिंतीला नाक लावून हुबे हुते," सिद्धप्पा म्हणाला. "चपला जोडीनं ठिवलेल्या."

"अक्का, तू इथं कशी आलीस?" वेणू म्हणाला. "आत्ता तर तिथं दारात होतीस."

"कुठल्या दारात, वेणू? तिथं नुसती भिंत आहे."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग सिद्धप्पाच्या हातातून हळूच हात सोडवून घेतला आणि माझ्यापासून एक पाऊल मागं सरकला. "तुझ्या मागं मानसिंग बसला होता," तो म्हणाला. "आणि पुष्कळ माणसं होती. सगळी थांबली होती."

७

ट्रंक कॉल तोडला म्हणून मला निलंबित केलं. तरी सोमवारी नऊला मी खुर्चीत येऊन बसले. सिद्धप्पानं दार उघडून दिलं होतं. रविवारी बॅटरी बंद होती आणि दोरी जागच्या जागी होती. खटका खाली केला, काटा एका घरावर आला. ते एक घर माझ्या दोरीचं.

बाहेर व्हरांड्यात नव्या बोर्डाचं खोकं उघडत होते. हिरवं पत्र्याचं कपाट. त्यात दोऱ्या नाहीत, खुर्ची नाही. ज्यानं त्यानं आपला नंबर फिरवायचा, की लागलाच. कुणी विचारायचं नाही, कुणी थांबवायचं नाही. शंभर नंबर, आणि त्यातला एक सदतीस.

दहाच्या सुमाराला सारजाबाई आली. या वेळी तिनं काही विचारलं नाही, माझ्याजवळ फरशीवर बसली. हेडफोनमध्ये मघापासून लाईनीचं तेच मागणं चाललं होतं. कधी माझ्या आवाजात, कधी नाही. मी तिच्याकडं पाहिलं, आणि लपवणं मला पटेना. हेडफोनचा एक कान तिच्या कानाला लावला.

"बाई," मानसिंग म्हणत होता, "मोहोळची गाडी सुटंल माजी. लाईन देताय न्हवं?"

सारजाबाईचा हात माझ्या मनगटावर आवळला. मी म्हटलं, "तुमचे मालक आहेत. तुम्ही सांगाल ते करते." ते मनापासून म्हटलं. तिनं सांगितलं असतं तर काय केलं असतं, ते आजही मला माहीत नाही.

ती बराच वेळ ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"खोकत न्हाईत," शेवटी ती म्हणाली. "चार वाक्यं बोलले, एकदा बी खोकले न्हाईत. ईस वर्सं खोकला हाय त्यांना." तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "नगा दिऊ, बाई. मरेस्तवर दिऊ नगा."

दार उघडलं. चनमल्लप्पा साहेब, मागं मुंबईचे दोन फिटर, त्यांच्या हातात जुन्या बोर्डाच्या वायर तोडायच्या कात्र्या. फिटर कात्र्या उघडून पुढं आले. सिद्धप्पा बोर्डाच्या मागच्या फळीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं हाताची घडी घातली.

"बाई, खुर्ची सोडा," साहेब म्हणाले. "उगाच तमाशा नको."

त्याच वेळी कानात माझाच आवाज म्हणाला, "बाई, लाईन देताय ना? फार वेळ झाला."

मी दोरी मुठीत धरली. पितळ पोळत होतं. सारजाबाईनं माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"थांबा," मी म्हणाले. साहेबांकडं बघून म्हणाले आणि त्या भोकाकडं बघूनही. पुढचा शब्द वीस वर्षांच्या सवयीनं जिभेवर आला होता. मी दात आवळले आणि तो गिळला.